सोनेरी वर्खाचं अंडं

आमचे सासरे ओब्राद ईस्टरला अंडी लढवण्यात कधीच हरले नव्हते. दोघांनी अंड्यांची टोकं आपटायची, ज्याचं फुटेल तो हरला. आम्ही बायकांनी दिवसभर उकडून, रंगवून, फुलं काढून ठेवायचं आणि स्वारी सगळी टकाटक फोडत सुटायची! स्वतःचं अंडं मात्र ते गुपचूप स्वतःच रंगवायचे, वर सोनेरी वर्ख लावायचे.

“वर्खानं बळ येतं,” म्हणायचे.

यंदा सासूबाई देसांकांनी गेल्या ईस्टरचं लाल अंडं काढलं. घर राखायला वर्षभर संतांच्या तसबिरीपाशी ठेवतो, ते. त्याला तस्साच वर्ख लावला, सासऱ्यांच्या खिशातल्या अंड्याच्या जागी ते सरकवलं आणि मला म्हणाल्या, “तू गप्प बसून बघ.”

चर्चमधून आल्यावर सासऱ्यांनी मिशीला पीळ देऊन माझ्या अंड्यावर घाव घातला. फट्कन हिरवट काहीतरी त्यांच्या नव्या शर्टावर ओघळलं. नाकं दाबून सगळे अंगणात पळाले.

“माझं अंडं कुणी बदललं?” सासरे कडाडले. “माझं लाकडाचं होतं!”

“तरीच!” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी चुलीत घातलं, तर काय छान पेटलं!”