राजधानीत धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. अंगाला टोचते, हे आधीच सांगून टाकते. मागून कुरकुर नको. वडूजच्या बाळासोंच्या घरच्या मेंढ्यांची ही लोकर. सनगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात वाळवले. मेंढरांमागे हिंडताना मी बाळासोंच्या खांद्यावर असे. पण माझा खरा मान कुस्तीच्या मैदानात! जत्रेत मला पसरले, की ती जागा आमच्या घरची. त्यांची लेक सृष्टी कुस्ती खेळू लागली, तेव्हापासून झुंजीआधी ती गर्दीत मला शोधते. मी दिसले की तिचे आप्पा, म्हणजे बाळासो, आले, हे तिला कळते आणि तिचे पाय स्थिर होतात.

यंदा तिची मोठी कुस्ती साताऱ्यात होती. छत्रपतींची राजधानी ती! वर अजिंक्यतारा, खाली राजपथावरची झगमगती दुकाने. मोती चौकात कंदी पेढ्यांच्या वासाने मी तर हरखून गेले. तेवढ्यात सृष्टीची आई बयाबाई एका दुकानात शिरली आणि मऊ, लाल ब्लँकेट घेऊन आली.

"आवं, आता ही घोंगडी ठिवा गोठ्यात. लय टोचतीया."

मला फार वाईट वाटले.

स्टेडियममध्ये बाळासोंनी मला पहिल्या रांगेत चार खुर्च्यांवर ऐसपैस पसरले आणि दोघे चहाला गेले. परत येतात तो मी जमिनीवर, आणि खुर्च्यांवर पाहुणे!

"आवं, घोंगडी टाकलीया न्हवं? जागा आमची हाय!" बाळासो कडाडले.

"आजोबा, हितं तिकिटावर नंबर असतोय. तुमची जागा पार वर हाय," व्यवस्थेतला माणूस नरमाईने म्हणाला.

आम्ही पार वरच्या रांगेत पोहोचलो, तोवर कुस्ती सुरू झाली होती. सृष्टीची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेकडे जात होती. तिचे गुण जाऊ लागले. बाळासोंनी हाका मारल्या, पण त्या गलक्यात कोण ऐकणार?

तेव्हा बयाबाईनेच मला ओढून घेतले. "धरा त्ये टोक!" दोघांनी मला कठड्यावरून खाली सोडले. रंगीबेरंगी गर्दीत मी एकटीच काळी. सृष्टीने वर पाहिले. क्षणभर थांबली, पाय रोवले आणि पुढच्याच झटापटीत समोरचीला चितपट केले. अख्खे स्टेडियम उभे राहिले. काय ती राजधानी, काय तिची दाद!

घामाघूम सृष्टी जिने चढून वर आली. बयाबाईने नवे ब्लँकेट पुढे केले. तिने मलाच खांद्यावर ओढले.

"आये, ही टोचली की घरी आल्यागत वाटतंय."

मित्रांनो, मला यंत्रात धुऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा, एवढीच माझी विनवणी. आणि तुमचे माणूस मैदानात उतरले, तर जागा कितीही मागची मिळो, त्याला दिसाल असे उभे राहा.