मधला थांबा

मुलीच्या शहरापासून आमच्या शहरापर्यंत सरळ रेघ मारली तर विमानाला चौदा तास पुरतात, असं मेहुण्याने मोबाइलवर बघून सांगितलं. पण तसं सरळ विमान नाही. मध्ये एका परक्या विमानतळावर उतरायचं, बसून राहायचं, मग दुसरं विमान धरायचं. सगळं धरून एक दिवस आणि वर एक रात्र.

ती निघाली तेव्हा तिची आई दवाखान्यात होती, बोलत होती. मुलगी पहिल्या विमानात असताना आई गेली. तिला तिथल्याच थंड खोलीत ठेवून आम्ही घरी आलो.

मधल्या थांब्यावरून मुलीचा फोन येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मेहुणा म्हणाला, काही बोलायचं नाही, तशीच आहे म्हणायचं. मला पटलं. मी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. आमच्या डेपोत रीत होती, ड्रायव्हर रस्त्यावर असला की त्याच्या घरची वाईट बातमी त्याला द्यायची नाही. गाडी शेवटच्या थांब्याला लागली की मगच. माझे वडील गेले तेव्हा मलाही असंच मागाहून सांगितलं होतं. मी रागावलो नव्हतो. मागे गाडीभर माणसं असतात.

फोन आला. तिने आधी विचारलं, जेवलात का. मग आईचं विचारलं. मी म्हणालो, तशीच आहे. आवाज बरा निघाला. मेहुण्याने मान हलवली.

"फोन तिच्या कानाला लावा ना," ती म्हणाली. "तिने बोलायला नको, नुसतं ऐकू दे. विमानात मी शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर झोपले, त्यांच्या शर्टावर लाळ गाळली. हे ऐकून हसेल ती."

मेहुणा खुणा करत होता, झोपलीय म्हणा. मी तोंडही उघडलं. पण ही काही गाडी चालवत नव्हती. हिच्या मागे कुणी बसलेलं नव्हतं. ही प्रवासी होती, आणि आईला काय काय सांगायचं ते ती वाटभर जमवत येणार होती.

"बाळा, आई गेली," मी म्हणालो. "तू पहिल्या विमानात होतीस तेव्हा."

ती म्हणाली, "मग आता मी कशाला येऊ?" आणि फोन बंद झाला.

"दाजी, एवढंसुद्धा पोटात राहिलं नाही तुमच्या?" मेहुणा म्हणाला. "आता पोरगी परक्या देशात एकटी रडत बसेल." त्याचं चुकत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा फोन लावला. तिने उचलला नाही, मग लागेनासाच झाला.

मेहुण्याने मोबाइलवर नकाशा काढला. त्यात उडणारी विमानं दिसतात. तिचं विमान सुटलं होतं, समुद्राकडे सरकत होतं. मी विचारलं, ती आत आहे का. तो म्हणाला, ते यात दाखवत नाहीत.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. बाईंना कधी नेताय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुलगी आल्यावर. ती कधी येणार, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, विमानाला नऊ तास लागतात.