एकही बिघाड नाही

गाद्या-उशांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कापूस कुठेही शिरतो. चहात शिरतो, नाकात शिरतो आणि कॉम्प्युटरच्या पोटात शिरून तिथे खुशाल संसार थाटतो. इथल्या ताई अधूनमधून एकेक कॉम्प्युटर उघडायच्या आणि त्यातून बाळाच्या उशीला पुरेल इतका कापूस काढायच्या. वर प्रिंटर, नेटवर्क, विसरलेले पासवर्ड, बिलांचं सॉफ्टवेअर, आणि दिवसभर "ताई, हे असं का दिसतंय, जरा बघा ना" अशा हाका. एवढ्या सगळ्याला माणूस एकच. नणंदेचं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाही त्यांच्या कानाला फोन होता, आणि पलीकडून शिवणखात्याची सुपरवायझर विचारत होती की माऊस हलत नाहीये, तर गादी थांबवू का.

शेवटी एक दिवस ताई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, हाताखाली एक माणूस द्या. माझ्या एकटीने होत नाही."

मालक तसे वाईट नव्हते, पण खर्चाचं नाव काढलं की त्यांना जरा कमी ऐकू यायचं. "काम एवढं आहे, हे मला दिसायला नको का?" ते म्हणाले. "तो तक्रारी नोंदवायचा प्रोग्राम आणायचा म्हणत होतात ना, तो बसवा. ज्याचं बिघडेल त्याने नोंद करायची. तिमाही संपली की बघू. काम भरपूर असेल तर माणूस देतो. नसेल, तर मग पूर्णवेळ माणूस तरी कशाला? बाहेरची एजन्सी आठवड्यातून एकदा येऊन बघून जाईल."

ताई खुशीत बाहेर आल्या. कामाचा डोंगर तर रोज डोळ्यांसमोर होता, तो फक्त पडद्यावर चढवायचा. प्रोग्राम बसवला, सगळ्यांना शिकवला, आणि शेवटी बजावलं, "नोंद केल्याशिवाय राहू नका. साहेब स्वतः बघणार आहेत." माणूस मिळणार असल्याचं मात्र बोलल्या नाहीत. मिळण्याआधीच गवगवा कशाला, असा त्यांचा हिशेब. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

नोंदींचा पडदा कोराच राहिला. शिकतायत, करतील, म्हणून ताईंनी धीर धरला. मग लक्षात आलं की हाकाही बंद झाल्यात. अकाउंटंट काकांच्या टेबलापाशी गेल्या, तर पडदा काळाकुट्ट आणि काका त्यासमोर ताठ बसलेले.

"काका, बंद पडलाय का?"

"छे गं, डोळ्यांना विश्रांती देतोय. तू जा, जेवून घे."

सुपरवायझर म्हणाली, "सगळं मस्त आहे, ताई. तुम्ही बसा हो निवांत." माल पाठवणाऱ्या खात्याचे पैलवान, नावाला शोभेलसं दार अडवून उभे राहिले. म्हणाले, आत धूळ फार आहे, तुम्हाला शिंका येतील.

सुरुवातीला ताईंना बरं वाटलं. गरम जेवण पोटात जाऊ लागलं. पण मग घास गिळवेना. "मला कुणी हाकच मारत नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"बरंच की. सुधारली असतील यंत्रं."

"यंत्रं कधी आपणहून सुधारतात? माणसंच विटली असतील मला." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि नोकरीची धास्ती होती ती वेगळीच.

तिमाही संपली. मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "एवढ्या दिवसांत एकही बिघाड नाही?"

"एकही नाही," काकांनी छाती पुढे काढली. "ताईने यंत्रं कशी सुतासारखी सरळ केलीत."

"माझा कॉम्प्युटर तर आवाजसुद्धा करत नाही," सुपरवायझर म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. तो मुळी सुरूच होत नव्हता.

ताईंना राहवेना. "साहेब, असं कसं होईल? पूर्वी रोज काहीतरी बिघडायचं."

"स्वभावच तसा त्यांचा," पैलवान कौतुकाने म्हणाले. "स्वतःची स्तुती ऐकवत नाही."

मालकांनी फोन पुढे ओढला. "मग ठरलं. एजन्सीला सांगतो. काम नाही, तर ताईंना तरी कशाला अडकवून ठेवायचं?"

काकांची छाती जागच्या जागी बसली. एकमेकांकडे बघणं झालं आणि मग जो तो बोलू लागला. माझा बंद आहे, माझा अडकतो, माझं बिल दोनदा निघतं. मालकांनी हात वर केला. "आत्ता तर सगळं सरळ होतं. ताईंना वाचवायला आता खोटं बोलू नका."

"खोटं आधी बोललो," पैलवान म्हणाले. "चला, दाखवतो."

सगळी वरात माल ठेवायच्या खोलीत गेली. लेबलं छापायच्या प्रिंटरवर चादर घातलेली होती. आणि छतापर्यंत रचलेल्या प्रत्येक गादीवर हाताने लिहिलेलं लेबल होतं. कुठे मोत्यासारखं अक्षर, कुठे मुंग्यांचे पाय. प्रिंटर गेला तेव्हापासून पैलवान, काका, सुपरवायझर, सगळे जेवणाच्या सुट्टीत लिहीत होते. पैलवानांनी तर बायकोला आणि मेव्हणीलाही बसवलं होतं.

"हा काय प्रकार आहे?" मालकांनी विचारलं.

"शिवणयंत्रांच्या बिघाडांचा फळा लावला होतात ना, साहेब?" पैलवान म्हणाले. " खुणा वाढल्या आणि तुम्ही मेकॅनिकला नारळ दिलात. यंत्रं जुनी होती, त्याचा काय दोष? म्हणून आम्ही ठरवलं, ताईंच्या खात्यावर एकही खूण पडू द्यायची नाही."

मालक एका गादीवरचं लेबल बोटाने नीट बसवत राहिले.

ताईंना चांगलं फैलावर घ्यायचं होतं सगळ्यांना, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आणि मला वाटत होतं, तुम्हाला माझी गरजच उरली नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"गरज नसती," पैलवानांनी शाईने काळी झालेली बोटं पुढे केली, "तर हे कुणी केलं असतं का, ताई?"

मालकांनी घसा साफ केला. "हाताखाली माणूस बघा. तुम्हीच निवडा, आणि लवकर निवडा. त्या मेकॅनिकलाही मी फोन करतो." एवढं बोलून ते निघून गेले.

ताईंनी डोळे पुसले आणि प्रिंटरवरची चादर ओढली. हात सवयीने स्क्रूड्रायव्हरकडे गेला. मग त्यांनी तो परत ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आधी नोंद."

पैलवान शेजारच्या कॉम्प्युटरपुढे बसले. एका बोटाने अक्षरं शोधू लागले. ताईंच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती, पण त्यांनी हात सोडले नाहीत. बऱ्याच वेळाने पैलवान बाजूला झाले आणि पडद्यावर पहिली नोंद उमटली: प्रिंटर बंद. ताई, लवकर या.

"आले," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.