टिंग वाजलं की बोलायचं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बेल आहे. टेबलावर बसते आणि डोक्यावर टिचकी बसली की 'टिंग' म्हणते. एवढ्याशा भांडवलावर मी जळकोटच्या एका शाळेवर बरीच वर्षं राज्य केलं, याचा मला रास्त अभिमान आहे.

सोलापूरच्या दुकानातून मला आणलं ते शिपायाला हाक मारायला. पण मुख्याध्यापक आण्णासाहेब मला तळहातावर घेऊन व्हरांड्यातून फिरू लागले. ज्या वर्गात गोंगाट, त्याच्या दारात टिंग. टिंगनंतर जो बोलला, तो बाहेर उन्हात. छडी नाही, आरडाओरडा नाही. पाहुणे म्हणत, "काय शिस्त आहे!" ते बघत आण्णासाहेबांकडे, चमकत असे मी.

यंदा जिल्ह्याची मानसशास्त्राची प्रश्नमंजूषा जाहीर झाली. प्रत्येक संघानं आपली बेल आणायची आणि जो वाजवेल त्यानंच उत्तर द्यायचं, असा नियम. अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी मला सरावासाठी मागून घेतलं.

संघ बारावीतल्या दोघांचा. मेहनाज पाचवीपासून याच शाळेतली. तिला पुस्तक मधूनच कुठूनही विचारा, येणार. उत्तरेश्वर यंदाच बेंबळीहून आलेला. त्याच्याकडे आत्मविश्वास भरपूर, ज्ञान अजून वाटेत होतं.

पहिल्या सरावात मॅडमनी प्रश्न विचारला. मेहनाजनं झडप घालून मला वाजवलं. टिंग! आणि गप्प. ओठ मिटले, मान खाली गेली, हाताची घडी पडली. बघायला जमलेल्या वर्गानंही घडी घातली.

"अगं, बोल ना!"

"येतंय मॅडम, पण निघत न्हाय."

पुढच्या प्रश्नाला उत्तरेश्वरनं टिंग केलं. "स्वप्न!"

प्रश्न स्मरणशक्तीचा होता.

"आधी विचार तरी करायचास," मॅडम म्हणाल्या.

"म्या निदान बोललो तर, मॅडम. ही तर वाजवून बी मुकी!"

बरेच दिवस हेच चाललं. शेवटी मॅडमनी जड आवाजात विचारलं, "मेहनाज, तुझ्या जागी दुसरं कुणी घेऊ का?"

मेहनाजचे डोळे भरले. मुलगी स्पर्धेला धाराशिवला जाणार म्हणून तिच्या अम्मीनं, सकिनाबींनी, गल्लीभर सांगून ठेवलं होतं. मेहनाजनं माझ्याकडे रागानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदम हसली.

"मॅडम, हे तर आपल्याच पुस्तकातलं प्रकरण आहे. अभिसंधान! पाचवीपासून बेल वाजली की तोंड बंद. त्या प्रयोगातल्या कुत्र्याला घंटी ऐकून लाळ सुटायची, आमची सुकती."

"मग इलाज?"

"विलोपन. बेल वाजवायची, बोलायचं, अन् कुणालाच उन्हात उभं करायचं न्हाय. भीती हळूहळू आपोआप जाती."

पुस्तक पाठ करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. ते स्वतःला लावून बघणारी ही पहिलीच.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत उत्तरेश्वर मला वाजवून विचारायचा, "डब्यात काय?" आणि मेहनाजनं लगेच सांगायचं. सुरुवातीला नुसते ओठ हलले. मग पुटपुटणं आलं. मग एकदाची आरोळी आली, "शेंगाची चटणी!" डब्यात रोज तीच असे. वर्गाला खेळ इतका आवडला, की टिंग झालं की सगळेच ओरडू लागले. आण्णासाहेब तेव्हा घरी जेवायला गेलेले असत, हे बरं होतं.

स्पर्धेला कुणी सायकलची घंटी आणली होती, कुणी ताट-चमचा. त्यांच्यात मी उठून दिसत होते. पण पहिल्या रांगेत खुद्द आण्णासाहेब येऊन बसले.

परीक्षकांनी विचारलं, "शिकलेली प्रतिक्रिया हळूहळू नाहीशी होणं, याला काय म्हणतात?"

मेहनाजनं मला वाजवलं. टिंग! सवयीनं आण्णासाहेबांनी डोळे वटारले. मेहनाजचे ओठ मिटले. वेळ संपत आली. उत्तरेश्वरला बोलायची मुभा नव्हती, तो नुसता मुठी आवळून बसला. आणि मेहनाजच्या तोंडून फुटलं,

"शेंगाची चटणी!... न्हाय, न्हाय, विलोपन!"

सभागृह हसलं. परीक्षक म्हणाले, "पहिलं उत्तर धरलं जाईल."

प्रश्न गेला. पण तोंड उघडलं होतं. मेहनाज स्वतःही हसली आणि त्यानंतर तिला कुणी थांबवू शकलं नाही. ताट-चमचा उचलेपर्यंत माझं टिंग झालेलं असे. दुसरा क्रमांक आला. पहिल्या दोन संघांना राज्य फेरीचं तिकीट होतं, ते मिळालं.

सोमवारी मी पुन्हा साहेबांच्या तळहातावर. बारावीत गोंगाट होता. आण्णासाहेब दारात उभे राहिले. टिंग!

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "शेंगाची चटणी!"

आण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मेहनाजकडे पाहिलं, व्हरांड्यातल्या उन्हाकडे पाहिलं.

"कुणाच्या डब्यात?" त्यांनी विचारलं.

मेहनाजनं डबा पुढं केला. तो घ्यायला साहेबांनी मला बाकावर ठेवलं आणि परत उचललंच नाही.

आता माझा मुक्काम मॅडमच्या टेबलावर असतो. तर मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू दिसली तर तिच्यावरची धूळ जरूर पुसा. पण पुसून कपाटात ठेवू नका. आणि तिची भीती वाटत असेल, तर आधी एकदा स्वतःच्या हातानं वाजवून बघा.