बिनटाक्याची शिवण

सही करणाऱ्या आईबापांच्या तीन जाती असतात. पहिले न वाचता झटकन करतात. दुसरे सगळं वाचतात आणि तरीही करतात. तिसरे "इथे का तिथे?" एवढंच विचारतात आणि पेन उलटं धरतात. लहान मुलांच्या हृदयविभागात, संमतिपत्रांच्या टेबलामागे मला सतरा वर्षं झाली. या तीन खान्यांत न मावणारी आई मला ठकीच्या आईच्या आधी भेटली नव्हती.

बाई शिंपीण. उजव्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा. त्याच अंगठ्यानं ती फॉर्मची एकेक ओळ चाचपत होती, कापडात गाठ शोधावी तशी. मांडीवर दहा महिन्यांची ठकी, नखं जांभळट, दुधाचे चार घोट घेतले की दमून मान टाकणारी. शेजारी नवरा. तो पहिल्या जातीचा. त्याची सही करून झालीसुद्धा होती; पण आमच्याकडे दोघांचीही लागते.

दुखणं असं होतं. फुफ्फुसांत ताजं झालेलं रक्त चार शिरांमधून हृदयात परत येतं. ठकीच्या त्या चारही शिरा जन्मतःच भलत्या ठिकाणी जोडलेल्या होत्या. ती महिन्याची असताना दुसऱ्या एका रुग्णालयात त्या हृदयाला शिवून दिल्या. काम चोख होतं, पण जिथे जिथे टाका पडला, तिथेच शिरा आक्रसत गेल्या. आता रक्त फुफ्फुसात शिरे आणि बाहेर पडताना दारात चेंगराचेंगरी. मागे दाब चढत होता. आणखी थोडे दिवस असेच गेले तर त्या दाबानं फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याच जाड होणार, आणि मग शिरा उघडूनही काही उपयोग नाही. ऑपरेशनची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ती हुकली तर पुढची तेरा दिवसांनी.

अंगठा एका ओळीवर थांबला.

"'बिनटाक्याची दुरुस्ती.' हे कुणी लिहिलंय?"

"मीच," मी म्हणालो. थोडा फुशारलोही. या फॉर्मांचं मराठी मी स्वतः केलेलं. एकही बोजड शब्द नाही, असं मी येईल त्याला सांगत असे.

"मग तुम्हीच सांगा. टाके न घालता जोडणार कशानं? डिंकानं?"

"अगं, मोठी माणसं आहेत ती," नवरा कुजबुजला. "त्यांना कळतं सगळं."

"तुमची पँट मी डिंकानं चिकटवून दिली तर घालाल?"

नवऱ्यानं नकळत स्वतःच्या पँटकडे पाहिलं.

"टाके घातलेलं एकदा बिघडलं," ती मला म्हणाली. "आता म्हणे टाकेच नाहीत. बिनटाक्याची शिवण म्हणजे उसवायला ठेवलेली शिवण. मी नाही सही करणार." आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी मोठ्या बाईंना निरोप धाडला.

मोठ्या बाई म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर. हात सोन्याचा, पण शब्दांच्या बाबतीत आखडता. त्या आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "जुन्या टाक्यांमुळे शिरा आक्रसल्या. यावेळी शिरेला टाका नाही. विश्वास ठेवा."

दहा शब्द. मी मोजले.

"विश्वास ठेवते की," शिंपीण म्हणाली. "पण शिवण सांगा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली. सतरा वर्षांत त्यांना माझ्या टेबलाशी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी खिशातून रबरी हातमोजा काढला, माझी कात्री घेतली आणि त्याचं एक बोट कापून टेबलावर ठेवलं.

"ही शीर समजा. तोंडाशी आवळलीय. हे मी उभं चिरून मोकळं करते. मागच्या वेळी या काठालाच सुई लागली होती. पण शीर भारी मानी. काठाला सुई लागली की तो जाड होतो, आत वळतो."

"चुणी पडते."

"हो, चुणीच. म्हणून आता काठ तसाच उघडा सोडायचा. हृदय एका पातळ पिशवीत असतं. ती पिशवी या शिरांच्या अवतीभवती असतेच. मी हृदयाला भोक पाडते आणि त्याची कड त्या पिशवीला शिवते. शिरेच्या तोंडापासून लांब राहून, गोल. शिरेतून रक्त त्या कप्प्यात येतं, तिथून हृदयात."

शिंपिणीनं रबरी बोट उचललं. ओढणीचं टोक त्याच्या तोंडाभोवती सैल धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"अहो, मग हा खिसा झाला! तोंडाला सुई नाही, शिवण सगळी भोवतीनं."

"खिसा," बाई म्हणाल्या. शब्द जिभेवर घोळवून पाहिल्यासारख्या.

"म्हणजे टाके आहेत."

"भरपूर आहेत."

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या सोप्या मराठीनं एका पोरीचा जीव टांगणीला लावला होता. मी ती ओळ खोडली आणि शिंपिणीनं सांगितलं तसं लिहिलं: शिरेच्या काठाला टाका न घालता, भोवतीनं खिसा शिवून. बाईंनी खाडाखोडीशेजारी सही केली.

"आणि खिशाचं कापड?"

"तिचंच आहे. घरचं."

शिंपीण पहिल्यांदा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "परत आक्रसेल?"

"आक्रसू शकतं. फुफ्फुसाच्या आत, खोलवर आक्रसलं तर माझी सुई पोचत नाही. मग फुगा घालून रुंद करायचं, औषधं द्यायची. काही मुलांना तेवढंही पुरत नाही."

नवऱ्याचा चेहरा उतरला. शिंपिणीनं मात्र कागद स्वतःकडे ओढला.

"कधीच उसवणार नाही म्हणणाऱ्याच्या हातात मी कापड देत नाही," ती म्हणाली, आणि इतकी दाबून सही केली की खालच्या दोन प्रतींवरही उठली.

ऑपरेशन सात तास चाललं. नवव्या दिवशी ठकीच्या हृदयाचं सोनोग्राफीवरचं हलतं चित्र पाहायचं होतं. माझं तिथे काही काम नव्हतं; एक फाईल उगाच काखेत मारून मी गेलो.

आधीच्या चित्रांत त्या शिरांच्या तोंडाशी हिरवापिवळा फेस उसळत असे, अरुंद वाटेतून रक्त झोडपून निघाल्याचा. आता तिथे लाल पट्टी दिसत होती. संथ, रुंद. एक, दोन, तीन. चौथीच्या तोंडाशी अजून थोडा फेस होता.

"हिच्यावर नजर ठेवायची," मोठ्या बाई म्हणाल्या. "महिन्यानं परत या. मग दर महिन्याला."

"तोंड केवढं आहे हिचं?" शिंपिणीनं पडद्यावर बोट ठेवलं.

"साडेचार मिलिमीटर."

"सदऱ्याचं काज याच्या तिप्पट असतं." तिनं बोट काढून घेतलं. "तुम्ही शिवत होता तेव्हा हृदय असंच हलत होतं?"

"नाही. थांबवलं होतं. अडतीस मिनिटं."

नवऱ्यानं आधी ठकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"मग चालू कसं केलंत?"

"मी नाही केलं," बाई म्हणाल्या. "शिवण संपली, गरम रक्त आत सोडलं. आधी एक कोपरा थरथरला. मग शेजारचा. मग सगळं एकदम धडधडायला लागलं. कुणी काही सांगावं लागत नाही त्याला. आजवर कितीतरी वेळा पाहिलंय, पण त्या वेळी अजूनही माझे हात जागच्या जागी राहतात."

शिंपिणीचा तळवा ठकीच्या पोटावर होता आणि नजर पडद्यावर. तिथे लाल पट्टी येत होती, ओसरत होती, पुन्हा येत होती.

"चल," नवरा हळूच म्हणाला, "बाहेर बाकीची माणसं खोळंबलीत."

"थांबा हो," ती म्हणाली. "अजून चालूच आहे."