बाविसावा अंगठा

नर्स अंजनाबाई मनाची मऊ, आणि तेच तिला नडलं. गेल्या साली, म्हणजे सत्याऐंशीत, अहेरीच्या शिबिरात तिनं नीलाबाईला सांगितलं, "तुह्या बिरजूचा ओठ शिवणं म्हंजे मुंगी चावल्यावानी, बाई." भुलीच्या औषधानं टेबलावर निपचित पडलेला बिरजू नीलाबाईनं दारातून पाहिला. पोरगं मेलं समजून तिनं त्याला उचललं आणि जी धूम ठोकली ती थेट गावात. ओठ फाटका तो फाटकाच राहिला.

यंदा त्याच गावचा लालसू आपल्या दीड वर्षाच्या रुखमाला घेऊन आला. तिचाही ओठ दुभंगलेला. दूध पोटात कमी, हनुवटीवर जास्त. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला, तसा लालसूनं हात मागे घेतला.

"मी एकटा कसा सांगू? पोरगी गावाची हाये. गावाले इचारतो."

"उद्या शिबिर संपतंय!" डॉक्टर करवादले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच हजर! बावीस मोठी माणसं मोहाच्या झाडाखाली ऐसपैस बसली. सर्वांत पुढे नीलाबाई, कडेवर बिरजू. अंजनाबाईला ती मुंगी आठवली.

प्रश्न सुरू झाले. सुई कुठी टोचता? रक्त किती जाते? अंजनाबाईनं या खेपेला काही लपवलं नाही.

"औषधानं झोपली का मेल्यावानी दिसन. तवा घाबरू नका."

"अन् खरंच मेली तं?" रुखमाची आई सोमारी म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे वटारले. अंजनाबाईनं तिकडे पाहिलंच नाही.

"क्वचितच होते, बाई. पण होऊ शकते. नाई शिवलं तरी जगन, पण खाणं-बोलणं जड जाईन."

 झालं, आता हेही पळणार! अंजनाबाईला स्वतःच्या खरेपणाचाच राग आला.

गोंडीत बराच वेळ खल झाला, मध्येच हशाही पिकला. मग सोमारी उठली. "शिवा म्हणते गाव. मीबी म्हणते."

बापाचा एक अंगठा पुरे होता. कागदावर ओळीनं एकवीस उमटले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्यांनाच हसू फुटलं.

उरली नीलाबाई. अंगठ्याला शाई लावून ती तशीच उभी राहिली.

"मी याच्यावर नाई लावत. बिरजूसाठी दुसरा कागद आण," ती म्हणाली. "पण पयले मले सारं पुन्हा सांग. अन् मुंगी नको सांगू."

अंजनाबाईचे डोळे भरून आले. हसत हसत ती पुन्हा मोहाखाली बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.