रिकाम्या मण्यांची नळी

थोरलीचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. विषाणूचं एक प्रोटीन बारीक चुंबकी मण्यांवर बसवायचं, ते माणसाच्या पेशींच्या रसात बुडवायचं, धुवायचं, आणि पेशीतलं कोणतं प्रोटीन त्याला धरून बसलंय ते बघायचं. शेजारी दुसरी नळी, नुसत्या रिकाम्या मण्यांची. तिच्यात काही सापडता कामा नये.

बाबा त्याच विषाणूच्या आजारात गेले. ताप आधी आईला आला होता. तेव्हापासून आई "मीच आणला घरात" एवढंच म्हणायची आणि भरल्या ताटावरून उठायची. थोरलीला रडूसुद्धा येत नव्हतं. आत सगळं बधिर होतं.

मग एक प्रोटीन सापडलं. विषाणूच्या प्रोटीनला घट्ट धरणारं, रिकाम्या नळीत न दिसणारं. थोरलीबाईंनी घाई केली आणि घरी सांगून टाकलं. "आई, आजार तुलाही झाला, मलाही झाला. बाबांच्या शरीरात हे जास्त असणार, म्हणून त्यांनाच जड गेला." बाबांचं कुणी मोजलं होतं? कुणीच नाही. पण त्या दिवशी आई पोटभर जेवली.

शोधनिबंध छापायला पाठवण्याआधी प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "एकदा पुन्हा करून बघ." हात दाखवून अवलक्षण! करता करता तिच्याच लक्षात आलं. प्रोटीनची नळी ती बाळंतिणीला जपावं तशी हलक्या हाताने धुवायची, आणि रिकामी नळी कडक खारट पाण्याने खसाखसा. रिकामीला कोण जपतं? या वेळी दोन्ही सारख्या धुतल्या. ते प्रोटीन दोन्हींत निघालं. त्याला विषाणूशी काही देणंघेणं नव्हतं, ते मण्यांनाच चिकटत होतं.

"बरं झालं, वेळेत कळलं," सर म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

घरी आई जेवत होती. "छापून आलं का गं ते?"

थाप मारणं सोपं होतं. थोरलीने खरं ते सांगितलं, अगदी नळ्या धुण्यासकट.

आईचा हात थांबला. "म्हणजे मीच."

"तसं नाही आई. का गेले ते ठाऊक नाही, एवढंच."

आईने ताट बाजूला सारलं.

"मला काय कळणार होतं त्यातलं? खोटं बोलली असतीस, तरी जेवले असते गं मी."